मागे राहिलेल्यांचे देणे

२०२१ सालच्या डिसेंबर महिन्यात काबूलच्या नव्या राज्यकर्त्यांनी टॅक्सीचालकांसाठी एक फर्मान काढले. ७२ किलोमीटरांहून लांबच्या प्रवासाला निघालेल्या स्त्रीबरोबर तिचा जवळचा पुरुष नातलग नसेल, तर तिला गाडीत घेऊ नये, असे त्यात बजावले होते. जगाने ते फर्मान स्त्रियांवरील अनेक निर्बंधांपैकी आणखी एक म्हणून वाचले आणि चार दिवसांत विसरूनही गेले. परंतु अफगाणिस्तानात अशी कितीतरी घरे आहेत की, ज्यांच्या बाबतीत या एका हुकमाने नवराबायकोच्या ताटातुटीवर शिक्कामोर्तब केले. नवरा अमेरिकन फौजेचा दुभाषी. ऑगस्टच्या त्या गर्दीत तो कसाबसा विमानात चढला आणि व्हर्जिनियात किंवा टेक्ससमध्ये जाऊन पोचला. बायको आणि मुले विमानतळाच्या फाटकाबाहेरच राहिली. त्यांना त्याच्याकडे जावयाचे तर मुलाखत द्यावी लागणार ती इस्लामाबादेत नाहीतर दोह्यात, कारण काबूलमधील अमेरिकन वकिलातीचे काम ३१ ऑगस्ट २०२१ रोजीच थांबले. वकिलातीपर्यंत जावयाचे तर सोबतीला पुरुष हवा. आणि ज्याने सोबतीला यावयाचे, तोच सात समुद्रांपलीकडे तिची वाट पाहत बसलेला!

हा पेच एकट्या तालिबानने निर्माण केलेला नाही. त्याची अर्धी गाठ काबूलमध्ये बसली. उरलेली अर्धी वॉशिंग्टन, लंडन आणि बर्लिन येथील कचेऱ्यांत बसली आहे, आणि ती सोडविणे सर्वस्वी त्या त्या सरकारांच्या हाती आहे. युद्धात ज्यांच्या खांद्यावर हात ठेवून परकी फौज वीस वर्षे वावरली, त्यांच्या मागे राहिलेल्या माणसांना त्यांच्याजवळ पोचविणे ही दया नव्हे. ते देणे आहे. ज्या करारावर त्या दुभाष्याने सही केली, त्यात पगाराबरोबर जिवाची हमीही गृहीत धरलेली होती. आता सूड उगवणारा शत्रू कधी एकट्या माणसाचा हिशेब करीत नाही. माणूस हाती लागला नाही तर तो त्याच्या बापाला, भावाला, मुलाला गाठतो. शत्रू जर सगळ्या घरादाराला जबाबदार धरतो, तर मित्राने दिलेली हमी एकट्यादुकट्यापुरती कशी असू शकेल?

या हमीचा कागदोपत्री इतिहास पाहिला म्हणजे ती प्रथमपासूनच किती हात आखडून दिली गेली हे कळते. अमेरिकेने दुभाष्यांसाठी पहिली विशेष तरतूद २००६ साली केली. ती वर्षाकाठी अवघ्या ५० जणांपुरती होती, आणि तीही इराक व अफगाणिस्तान हे दोन्ही देश मिळून. २००९ साली अफगाण सहकाऱ्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. तेव्हा एक वर्षाची नोकरी पुरेशी होती. पुढे ती अट दोन वर्षांची झाली. आणि काबूल पडण्यास काही आठवडे उरले असता, जुलै २०२१ मध्ये, ती पुन्हा एक वर्षावर आली. अर्जदाराने नोकरीचा दाखला आणावयाचा, अमेरिकन वरिष्ठाचे शिफारसपत्र आणावयाचे, मग वकिलातीने तो खरोखर सेवेत होता असा निर्वाळा द्यावयाचा, मग मुलाखत, वैद्यकीय तपासणी, सुरक्षाविषयक चौकशी. सरकारी पत्रकातच या वाटेच्या चौदा पायऱ्या दाखविल्या होत्या. पुष्कळसे दुभाषी सैन्याचे नोकर नव्हते, ठेकेदार कंपन्यांचे होते. त्यांतील काही कंपन्या बंद पडल्या, काहींची नावे बदलली, आणि ज्या कॅप्टनसाहेबांबरोबर माणूस डोंगर-दऱ्या हिंडला ते साहेब बदलून गेले. सरकारच्या ताब्यातील पायऱ्या नऊ महिन्यांत संपवाव्यात असे अमेरिकन काँग्रेसने २०१३ साली सांगितले होते. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे लोटली. अखेर अर्जदारांनी कोर्टात धाव घेतली आणि २०१९ साली वॉशिंग्टनच्या न्यायालयाला हा विलंब असमर्थनीय आहे असे ठरवावे लागले. अफगाण सैन्यात राहून अमेरिकन पथकांच्या बरोबरीने लढलेल्या शिपायाला तर या वाटेवर पहिले पाऊलही टाकता येत नव्हते, कारण त्याच्या पगारपत्रकावर धनी म्हणून काबूल सरकारचे नाव होते.

मग २०२१ चा ऑगस्ट उजाडला. १५ तारखेला काबूल पडले, ३० तारखेला मध्यरात्रीच्या सुमारास अखेरचे अमेरिकन विमान उडाले. त्या पंधरवड्यात अमेरिका आणि तिची मित्रराष्ट्रे मिळून सुमारे १ लक्ष २४ हजार माणसे बाहेर काढण्यात आली. हा पराक्रम लहान नव्हे, हे मान्य केले पाहिजे. परंतु माणसे कशी निवडली गेली? ज्याच्या हाती कागद होता त्याला आत घेतले, ज्याचा हात फाटकावरील शिपायाच्या हाती लागला त्याला ओढून घेतले; बायको गर्दीत मागे रेटली गेली, मुलगा आजोबांच्या बोटाला धरून दुसऱ्या फाटकाकडे गेला. २६ ऑगस्टला अ‍ॅबी गेटपाशी बॉम्बस्फोट झाला, त्यात १३ अमेरिकन सैनिक आणि सुमारे १७० अफगाण माणसे मृत्यू पावली. त्यानंतर कोण कोणाला शोधणार? अमेरिकेत पोचलेल्या सुमारे ७६ हजार अफगाणांपैकी बहुतेकांना तात्पुरत्या सवलतीवर आत घेतले गेले. निर्वासित म्हणून त्यांची नोंद झाली नाही, कायमचा वास्तव्याचा हक्कही त्यांना मिळाला नाही. या एका पारिभाषिक भेदाचा परिणाम भयंकर झाला. निर्वासिताला आपली बायकामुले बोलावून घेण्याचा हक्क कायद्याने आहे. तात्पुरत्या सवलतीवर राहणाऱ्याला तो नाही. त्याने आधी आश्रयाचा अर्ज करावयाचा, तो मंजूर झाला तर बायकोसाठी दुसरा अर्ज करावयाचा, आणि तो अर्ज मार्गी लागेपर्यंत तिने काबूलमध्ये कोणाच्या तरी घराच्या मागच्या खोलीत दिवस काढावयाचे. या लोकांचा दर्जा एका फटक्यात कायम करणारे विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये काँग्रेसपुढे आले. दोन्ही पक्षांतील सभासद त्याच्या बाजूला होते. माजी सैनिकांनी त्यासाठी कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर रात्री काढल्या. ते त्या काँग्रेसच्या मुदतीत संमत झाले नाही, पुढच्या काँग्रेसच्या मुदतीतही झाले नाही.

आता 'कुटुंब' या शब्दाकडे वळू. कायद्याच्या लेखी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले. चार खोल्यांच्या अमेरिकन घराला ही व्याख्या शोभत असेल. ज्या देशात आई, धाकटा भाऊ, विधवा वहिनी आणि तिची पोरे एकाच अंगणात राहतात, तेथे या व्याख्येने घराची फाळणी होते. समजा, आईबापांना आणि तिघा धाकट्यांना व्हिसा मिळाला आणि थोरली मुलगी बावीस वर्षांची आहे. ती अविवाहित आहे, पण २१ ची मर्यादा ओलांडून गेलेली. कायदा सांगतो, तिला मागे ठेवा. कोठे ठेवा? ज्या राज्यात बाईमाणसाला एकटीने जिल्हा ओलांडता येत नाही, शिकता येत नाही, बहुतेक नोकऱ्या करता येत नाहीत, त्या राज्यात एकटी ठेवा! अशा वेळी बाप काय करील? एक तर स्वतःही थांबेल, नाहीतर पोरीचे घाईघाईने कोणाशी तरी लग्न लावून देईल. यांतील एकही मार्ग ज्याला सुसह्य वाटतो, त्याने ही व्याख्या खुशाल उचलून धरावी.

पुराव्यांची कथा याहून निराळी नाही. खेड्यात निकाह लागला तो मुल्लासमोर आणि चार वडीलधाऱ्यांसमोर. त्याचा छापील दाखला कोणी घेतला नाही, कारण कोणी मागितलाच नव्हता. जुन्या 'तझकिऱ्या'वर, म्हणजे तेथील ओळखपत्रावर, जन्मतारीख नसते. अमुक साली हा मुलगा दिसण्यावरून इतक्या वर्षांचा आहे, एवढीच नोंद असते. म्हणून अमेरिकेतील अगणित अफगाणांचा वाढदिवस एकाच दिवशी, १ जानेवारीला, येतो. यावर हसण्यापूर्वी आमच्या वाचकांनी घरातील वडीलधाऱ्यांचे शाळा सोडल्याचे दाखले काढून पाहावेत. आपल्या गुरुजींनी निम्म्या महाराष्ट्राला १ जून रोजी जन्माला घातले आहे, आणि शाळेत नोकरी केलेल्या माणसाला हजेरीपटावरील त्या तारखेमागचे मर्म वेगळे सांगावयास नको. त्या तारखेवर आमच्याकडील माणसे नोकरीला लागली, सेवानिवृत्त झाली. त्यांना कोणी लबाड म्हटले नाही. काबूलच्या बाईची मात्र मुलाच्या वयात दोन कागदांत सात महिन्यांचा फरक आढळला म्हणून फाईल बाजूला पडते. याउलट, अमेरिकन सैन्याने बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बाहुल्या टिपण्यासाठी वापरलेली काही यंत्रे तालिबानच्या हाती पडल्याचे वृत्त २०२१ मध्येच आले होते. म्हणजे हा माणूस कोण होता याची शंका ज्याने त्याला नोकरीला ठेवले त्याला आहे. ज्याला त्याचा जीव घ्यावयाचा आहे, त्याला ती नसावी!

२०२५ साली तर जी दारे किलकिली होती तीही एकामागून एक लागली. २० जानेवारीला अमेरिकेने निर्वासितांना प्रवेश देण्याचा सारा कार्यक्रम स्थगित केला. ज्यांच्या चौकशा पुऱ्या होऊन विमानाची तिकिटे निघाली होती अशा सोळाशेहून अधिक अफगाणांचा प्रवास रद्द झाला, आणि त्यांत खुद्द अमेरिकन सैन्यात नोकरी करणाऱ्यांचे नातलगही होते. जूनमध्ये अफगाणिस्तानसह बारा देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी झाली. तिच्यातून दुभाष्यांचा विशेष व्हिसा वगळला होता. नोव्हेंबरअखेर अफगाण पासपोर्टावर व्हिसा देणेच थांबविण्यात आले. ब्रिटनची कथा आणखी लाजिरवाणी आहे. तेथील संरक्षणखात्यातील एका कर्मचाऱ्याच्या हातून फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे १९ हजार अर्जदारांची माहिती असलेली यादी बाहेर गेली. तीत काहींच्या नातलगांचे पत्तेही होते. खात्याला हे कळले ऑगस्ट २०२३ मध्ये. मग न्यायालयाकडून असा मनाई हुकूम मिळविला गेला की, यादी फुटली हे तर छापावयाचे नाहीच, पण असा हुकूम आहे हेही छापावयाचे नाही. तो उठला १५ जुलै २०२५ रोजी. म्हणजे ज्यांची नावे फुटली त्यांना आपले नाव फुटल्याचे कळण्यास तीन वर्षे उलटून गेली. आणि त्याच जुलैच्या पहिल्या तारखेला ब्रिटनने आपल्या अफगाण सहकाऱ्यांसाठी असलेली योजना नव्या अर्जांसाठी बंद करून टाकली होती! जर्मनीत नव्या सरकारने प्रवेशाचा कार्यक्रम आवरता घेतला, तेव्हा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सरकारला बजावले की, दिलेली बंधनकारक आश्वासने सरकारला सोयीनुसार गिळता येणार नाहीत. न्यायाधीशांना हे सांगावे लागले, यातच सर्व आले. या साऱ्या काळात ही कुटुंबे बसली होती कोठे? पुष्कळशी पाकिस्तानात, भाड्याच्या खोल्यांत, मुदत संपलेल्या व्हिसावर. आणि पाकिस्तानने तर कागदपत्रे नसलेल्या परकीयांनी १ नोव्हेंबर २०२३ पर्यंत देश सोडावा असे फर्मावून लाखो अफगाणांना तोरखमच्या नाक्यावरून परत लोटले. ऑगस्ट २०२५ मध्ये जर्मनीने ज्यांना आश्वासन दिले होते अशा काही कुटुंबांनाही त्याच वाटेने परत जावे लागले.

या कठोरपणाच्या समर्थनार्थ सुरक्षिततेचा मुद्दा पुढे केला जातो. तो पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये नॅशनल गार्डच्या दोघा सैनिकांवर गोळीबार झाला, त्यांतील एक तरुणी मरण पावली, आणि पकडला गेलेला आरोपी हा सीआयएच्या पाठबळावर चालणाऱ्या एका अफगाण पथकात पूर्वी काम केलेला निघाला. ज्या घरातील मुलगी गेली त्या घराचा संताप कोणीही समजू शकेल. पण एका आरोपीच्या कृत्याचे प्रायश्चित्त ज्यांची त्याच्याशी ओळखदेखील नाही अशा बायकापोरांनी घ्यावे, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? चौकशी कसून करा, दोनदा करा, हवी तर रक्ताच्या तपासणीने बाप-लेकाचे नाते पडताळून पाहा. त्याला कोणी हरकत घेतलेली नाही. परंतु चौकशी करणे निराळे आणि चौकशीची कचेरीच बंद करणे निराळे. पहिली दक्षता झाली, दुसरी पळवाट आहे.

आमच्याकडील काही मंडळी दुसऱ्याच टोकाने आक्षेप घेतील. परक्या सैन्याची चाकरी करणाऱ्यांसाठी आपण का हळहळावे, असे ते विचारतील. साम्राज्याच्या चाकरीचा कडू अनुभव गाठीला असलेल्या देशात हा प्रश्न उठणे स्वाभाविक आहे, आणि अमेरिकेच्या त्या युद्धाबद्दल आमचे मतही फारसे बरे नाही. तथापि युद्ध न्याय्य होते की नाही हा एक प्रश्न, आणि युद्धात दिलेला शब्द पाळावा की नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काहीही येवो, दुसऱ्याचे बदलत नाही. शिवाय, ज्या काबूल सरकारच्या नावाने हे सारे चालले होते त्याला भारतानेही मान्यता दिली होती. तेथील संसदभवन आपण बांधून दिले, झरंज–देलारामचा रस्ता आपण बांधला, हेरातजवळचे धरण पुरे केले. त्या दिवसांत शाळा चालविणारी, रस्त्यावर पहारा देणारी, परक्या डॉक्टरचे बोलणे रोग्याला समजावून सांगणारी माणसे देशद्रोही होती असे म्हणावयाचे, तर आपण कोणाशी मैत्री करीत होतो? आणि ज्या पोरीचा बाप दुभाषी झाला तेव्हा ती पाळण्यात होती, तिचा तर या वादात कोणत्याच बाजूने संबंध येत नाही.

शब्द पाळणे अशक्य असते असे मात्र कोणी सांगू नये. ते कसे पाळावयाचे याचा पुरावा कोल्हापूरनजीक वळिवडे येथे आहे. सोव्हिएत रशियाने १९४० आणि १९४१ मध्ये पूर्व पोलंडातून उचलून सायबेरियात व कझाकस्तानात नेऊन टाकलेली पोलिश कुटुंबे, हिटलरने रशियावर चाल केल्यानंतर सुटली आणि १९४२ साली इराणात उतरली. त्यांतील पुरुष जनरल अँडर्स यांच्या सेनेत दाखल होऊन ब्रिटिश सेनेच्या बरोबरीने लढावयास गेले. पुढे १९४४ च्या मे महिन्यात इटलीतील मोंटे कॅसिनोच्या टेकडीवर झेंडा लावणारे ते हेच. त्यांच्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे निरनिराळ्या देशांत पाठविण्यात आली. त्यांपैकी सुमारे ५ हजार जण १९४३ पासून वळिवड्याच्या छावणीत राहिले. तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता. कोल्हापूरच्या बाजारात पोलिश बाया घासाघीस करताना पाहिलेली माणसे आमच्या लहानपणी हयात होती. युद्ध जिंकले गेले, पण याल्टाच्या बैठकीत यांची गावेच रशियाच्या नकाशात गेली. परत जावयास घर उरले नाही. त्या वेळच्या ब्रिटनची वागणूकही सर्वस्वी निर्मळ होती असे नाही. १९४६ च्या जूनमध्ये लंडनला विजयाचे संचलन झाले त्यात या पोलिश फौजा चालल्या नाहीत, कारण स्टालिनची मर्जी राखावयाची होती. तथापि १९४७ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटाने पोलिश पुनर्वसनाचा कायदा केला. कोणी वेतन द्यावयाचे, कोणी घर द्यावयाचे, मुलांच्या शाळा कोणी चालवावयाच्या, हे त्यात खात्यांची वाटणी करून सांगितले. आणि सैनिकांबरोबर त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांचाही त्यात समावेश केला. त्यानंतर १९४७–४८ मध्ये वळिवड्याची बायकापोरे मुंबई बंदरातून जहाजांत बसली आणि पाच-पाच, सहा-सहा वर्षे न दिसलेल्या बाप-नवऱ्यांजवळ ब्रिटनला जाऊन पोचली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या वेळी ब्रिटन कर्जात बुडालेले होते, तेथे अन्नाचे रेशनिंग होते, लंडनची पुष्कळ घरे बॉम्बने पडझडीला आलेली होती. आणि त्या जहाजांचे भाडे कोल्हापुरात बसलेल्या बाईने भरावे, किंवा तिने आधी लंडनला जाऊन मुलाखत द्यावी, असे कोणाला सुचले नाही. २०१९ साली त्या छावणीतील मुले वार्धक्यात वळिवडे पाहावयास आली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूरच्या स्मारकाला अभिवादन केले. त्या स्मारकाचा जो काही अर्थ आहे तो हाच.

याच्या उलट बाजूची उदाहरणेही जगाने पाहिली आहेत. अल्जिरियात फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या 'हार्की' सैनिकांना १९६२ साली बाहेर काढू नये, कोणी फ्रेंच अधिकारी आपल्या जबाबदारीवर त्यांना घेऊन आला तर त्याच्यावर कारवाई होईल, असे लेखी हुकूम पॅरिसहून मे महिन्यात सुटले. मागे राहिलेल्यांची हजारोंनी कत्तल झाली. जे निसटले त्यांना कुटुंबांसह काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवले गेले. फ्रेंच राष्ट्राध्यक्षांनी त्याबद्दल क्षमा मागितली ती २० सप्टेंबर २०२१ रोजी, म्हणजे काबूलचे शेवटचे विमान उडाल्यावर अवघ्या तीन आठवड्यांनी. साठ वर्षांनी आलेली क्षमा आणि नुकताच झालेला तोच अपराध एकाच महिन्याच्या वर्तमानपत्रांत वाचण्याचा योग क्वचितच येतो! लाओसात सीआयएसाठी लढलेल्या ह्मोंग लोकांचेही तेच झाले. मे १९७५ मध्ये लाँग चेंगच्या धावपट्टीवरून अडीच-तीन हजार माणसे उचलली गेली आणि उरलेल्यांनी मेकाँग पोहून पार करावी अशी व्यवस्था झाली. त्यांची ताटातूट इतकी लांबली की, २००९ च्या डिसेंबरात थायलंडने चार हजारांवर ह्मोंग लाओसला परत धाडले, तेव्हा त्यांत संयुक्त राष्ट्रांनी निर्वासित म्हणून मान्य केलेली १५८ माणसेही होती. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण आपल्याकडे थट्टेने वापरतात. राजकारणात तिचा अक्षरशः अंमल होतो.

भारताने या प्रकरणी पाश्चात्त्यांना उपदेश करताना जरा आवाज खाली ठेवावा हे बरे. १९८७ साली आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली. तेथे आपण ज्यांना हाताशी धरले, प्रांतिक सरकारात बसविले, ज्यांच्या सैन्यात तमिळ पोरे कधी राजीने तर कधी जबरीने भरती होऊ दिली, त्यांचे २४ मार्च १९९० नंतर काय झाले? आपली शेवटची तुकडी निघाली आणि वाघांनी त्यांची शिकार आरंभली. मुख्य मंत्री भारतात आले. काही कार्यकर्त्यांना कुटुंबांसह ओरिसातील छावणीत ठेवण्यात आले. त्यांच्या पक्षाचा नेता तर जून १९९० मध्ये मद्रास शहरात, आपल्या डोळ्यांदेखत, सहकाऱ्यांसह मारला गेला. जी पोरे जाफना आणि बट्टिकलोआ येथे मागे राहिली त्यांच्या आईबापांना दिल्लीने कधी पत्र पाठविल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

अफगाणांच्या बाबतीतही २५ ऑगस्ट २०२१ रोजी आपण आधी दिलेले सारे व्हिसा रद्द केले, आणि सुट्टीत घरी गेलेले कितीतरी अफगाण विद्यार्थी, त्यांत पुण्यात शिकणारेही होते, तेथेच अडकून पडले. आपल्या देशाने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि स्वतःचा असा कायदाही केलेला नाही. सारा कारभार त्या त्या वेळच्या खात्याच्या मर्जीवर चालतो. तो कायदा व्हावयास हवा हे खरे, पण त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारताने काबूलमधील आपल्या मंडळाला पुन्हा वकिलातीचा दर्जा दिला. अमेरिकेची, ब्रिटनची, जर्मनीची वकिलात जेथे काम करीत नव्हती, तेथे आपला झेंडा लागला. या झेंड्याचा एक उपयोग असा होऊ शकतो: ज्या बायकामुलांचा अर्ज दुसऱ्या एखाद्या देशात नोंदलेला आहे, त्यांना त्या अर्जाच्या क्रमांकावर काबूलमध्येच भारताचा व्हिसा द्यावा, मुलाखत, वैद्यकीय तपासणी आणि रक्ताची तपासणी दिल्लीत होऊ द्यावी, त्यांच्या सोबतीला येणाऱ्या दिराला किंवा भावालाही त्याच कागदावर व्हिसा मिळावा, कारण त्याच्यावाचून ती स्त्री विमानतळापर्यंत पोचणार नाही, आणि निर्णय लागेपर्यंत कोणाला परत पाठविणार नाही एवढे सरकारने लेखी सांगावे. यात खर्चाचा भाग थोडा आहे, तो ज्यांचे देणे आहे त्या राष्ट्रांकडून वसूल करता येईल. वॉशिंग्टनशी व्यापाराच्या आणि जकातीच्या वाटाघाटी करावयास आपली शिष्टमंडळे वारंवार जातात. त्यांच्या टिपणात हा एक परिच्छेद जास्त झाला तर जड होणार नाही. वॉशिंग्टनला सांगावयाचे तेही थोडकेच आहे: ज्यांच्या सेवेचा निर्वाळा तुमच्याच वकिलातीने दिलेला आहे त्यांच्या घरच्यांना प्रवेशबंदीतून वगळा, आणि एकटी राहू न शकणारी अविवाहित मुलगी २१ वर्षांची झाली तरी कुटुंबातच मोजा.

संसदेच्या पुढच्या अधिवेशनात महाराष्ट्राच्या खासदारांपैकी कोणीतरी परराष्ट्रमंत्र्यांना साधा प्रश्न विचारावा: २५ ऑगस्ट २०२१ नंतर ज्यांचा नवरा वा बाप दुसऱ्या देशात आश्रयाला आहे अशा किती अफगाण स्त्रियांनी आणि मुलांनी भारताच्या व्हिसासाठी अर्ज केले, किती मंजूर झाले, आणि उरलेले अर्ज कोणत्या टेबलावर पडून आहेत? कोल्हापूरच्या खासदारांनी तो विचारला तर अधिक बरे.